बोले निव्वळ व्यापारी होता का?

माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: हिटलरच्या जर्मनीतला एर्न्स्ट विल्हेल्म बोले मुळात आयात-निर्यातीतला माणूस, परदेशातल्या जर्मनांच्या मंडळाचा कारभारी. त्याला हेरांचा म्होरक्या ठरवणं म्हणजे युद्धकाळातल्या अफवा उगाळणं, शिवाय न्युरेंबर्गच्या युद्धगुन्हे खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला हे मी सांगितलंच नाही.

हेरांबद्दलचं म्हणणं मान्य. लेखातला 'पंचमस्तंभी' (शत्रूसाठी आतून काम करणारा) हा शब्द काढतो.

'मंडळ' मात्र पटत नाही. ब्रॅडफर्डला १९०३ साली जन्मलेला, केपटाउनला वाढलेला हा गृहस्थ मार्च १९३२ मध्ये नाझी पक्षात आला, मे १९३३ मध्ये पक्षाच्या परदेश विभागाचा प्रमुख झाला आणि १९३७ पासून परराष्ट्र खात्यातही सचिव. म्हणजे पक्षाची शाखा आणि वकिलात, दोन्हींचे दोर एकाच हातात. परमुलखात पेढी चालवणाऱ्याची नाडी पासपोर्टात आणि मायदेशातल्या मुख्य कचेरीच्या मर्जीत असते, हे व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

फेब्रुवारी १९३८ चा कायदाच पाहा. तीन महिन्यांहून जास्त परदेशी राहणाऱ्या जर्मन नागरिकाने वकिलातीत नोंद करायची. न केल्यास नागरिकत्व जाऊ शकत होतं. हिवाळी मदतनिधीची (गरिबांच्या नावाने नाझी राजवट गोळा करायची ती) वर्गणी नावाला ऐच्छिक, पण कोण देत नाही हे शाखेला ठाऊक. जर्मन कंपन्यांनी तिथले ज्यू एजंट काढावेत म्हणून तगादा लावणारा विभागही हाच.

आणि १० एप्रिल १९३८ चं मतदान! ऑस्ट्रिया गिळून झाल्यावर परदेशातल्या जर्मनांचाही होकार हवा होता, पण परक्या भूमीवर मतपेटी मांडता येईना. मग त्यांना जहाजांवर चढवून किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे, खुल्या समुद्रात नेलं. मतपत्रिकेवर 'हो'चं वर्तुळ भलंमोठं, 'नाही'चं बारीक. डेकवर सगळे ओळखीचेच, काहींचा तर साहेबही शेजारी उभा. अशा ठिकाणी बारीक वर्तुळात फुली मारायला किती छाती लागत असेल!

कबुलीचं म्हणाल तर ती खरी आहे, आणि लेखात यायला हवी होती. पण शिक्षा कशाबद्दल झाली तेही लिहावं लागेल: गुन्हेगार ठरलेल्या संघटनेच्या सभासदत्वाबद्दल, पाच वर्षं. एप्रिल १९४९ मध्ये निकाल, डिसेंबरात माफी मिळून सुटका. पुढे तो हॅम्बुर्गला परत व्यापारातच गेला. दोन्ही गोष्टी आज लेखात घालतो.