आज रोख, उद्या अल्फा सेंटॉरी

अंतराळात माल पोचवायचा धंदा मी रात्री करतो. दिवसा सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी आणि टॉवेल विकतो. दोन्हींत फरक म्हणाल तर एवढाच, की रात्रीच्या धंद्यात आजवर एकाही पार्टीनं मला ‘चेक पुढच्या सोमवारी टाका’ असं सांगितलेलं नाही.

रात्रीचा धंदा म्हणजे कॉम्प्युटरवरचा खेळ, नाव एलिट डेंजरस. २०१४ साली आला. बनवणाऱ्यांनी आपली अख्खी आकाशगंगाच त्यात कोंबली आहे, ४०० अब्ज सूर्यमाला. सुरुवातीला तुम्हाला एक टीचभर जहाज आणि १००० क्रेडिट देतात आणि सांगतात, जा, हवं ते कर. लढाई कर, खाणी खण, चाचेगिरी कर, कुणी पाहिले नाहीत ते तारे बघून ये. एवढं मोकळं रान मिळाल्यावर मी काय केलं? एका स्टेशनवरून कापड उचललं आणि दुसऱ्या स्टेशनवर नेऊन विकलं. रक्तच तसलं, त्याला गुरुत्वाकर्षण नसलं म्हणून काय होतंय!

४०० अब्जांपैकी एक टक्का सूर्यमालासुद्धा जगभरच्या खेळाडूंनी मिळून इतक्या वर्षांत पाहिलेल्या नाहीत. मी त्यातल्या दोनच धरून बसलोय. इथला माल तिथे, तिथला माल इथे. आमचे अण्णा नाही का, अख्खा देश पडलेला असताना दर सुट्टीला फक्त तिरुपतीला जातात.

माझा एक मित्र गोळीबाराचे खेळ खेळतो. त्यानं एकदा मागे उभं राहून अर्धा तास बघितलं. मी माल भरला, दुसऱ्या सूर्यमालेत उडी मारली, ताऱ्याला वळसा घातला, स्टेशनकडे नाक केलं आणि हात मांडीवर ठेवून बसलो. पडद्यावर एक ठिपका. पाच मिनिटांनी तोच ठिपका, किंचित मोठा.

“हे काय बे, टेम्पो चालवायलास की!”

“मग?”

“लई बोर आहे बे. कुणी मरतच नाही.”

याला उत्तर नाही. खरंच कुणी मरत नाही. क्वचित एखादा चाचा रस्त्यात आडवा येतो आणि गाडीत काय आहे म्हणून विचारतो, पण हात दाखवून गाडी थांबवणारी मंडळी पृथ्वीवरच्या हायवेलाही भेटतात, त्यात नवल ते काय. उलट जहाज उडवलं गेलं, तरी किमतीच्या ५ टक्के भरले की नवंकोरं हातात. सर्व्हेअर येत नाही, फोटो मागत नाही, ‘पेपर्स अपूर्ण आहेत’ म्हणत नाही. आतला माल मात्र गेला तो गेलाच, पण तशी सवय आम्हाला आहे. एका पावसाळ्यात गळक्या ताडपत्रीखालून टॉवेलच्या गाठी पोचल्या, तेव्हा पार्टीनं माल ठेवून घेतला आणि बिल परत केलं.

या खेळाचा आजोबा १९८४चा. नाव नुसतंच एलिट. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकासाठी लिहिला. सगळा खेळ जेमतेम २२ केबी जागेत बसवलेला. मी पाठवतो त्या जीएसटी बिलाची पीडीएफ याहून जड असते. तेवढ्याशा जागेत ८ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, कारण ग्रहांची यादी साठवलेलीच नव्हती, एका गणिती सूत्रातून ते जागच्या जागी पैदा व्हायचे. खरं तर त्या सूत्रातून २८२ लाख कोटी दीर्घिका निघत होत्या. प्रकाशकांनी सांगितलं, आठच ठेवा, नाहीतर सगळ्या सारख्याच आहेत हे लोकांना कळेल. हा खरा दुकानदार. एकाच डिझाइनचे शंभर नग गिऱ्हाईकासमोर पसरायचे नसतात, आठ काढायचे आणि म्हणायचं, एवढेच शिल्लक आहेत.

त्या पहिल्या एलिटमध्ये खिशात १०० क्रेडिट घेऊन लाव्हे नावाच्या शेतीप्रधान ग्रहापासून सुरुवात व्हायची. शेतीवाल्या ग्रहावर धान्य स्वस्त, कारखानेवाल्या ग्रहावर संगणक स्वस्त, बाकी तुमची अक्कल. विकायच्या मालाची यादी असायची. तिच्यात पहिलं नाव अन्न. आणि दुसरं? टेक्स्टाइल्स! सोनं, प्लॅटिनम, यंत्रं, दारू, सगळं त्याच्या खाली. हे मी अण्णांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, “भाव काय?” मी म्हटलं, सगळ्यात स्वस्तातला माल तो. “मग बरोबर आहे,” म्हणाले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

माल नेण्यापेक्षा कठीण म्हणजे स्टेशनवर उतरणं. आधी साडेसात किलोमीटरच्या आत जाऊन परवानगी मागायची. मग तुम्हाला उतरायच्या जागेचा एक नंबर मिळतो आणि दहा मिनिटं मिळतात. स्टेशन स्वतःभोवती फिरत असतं, त्याचं दार टपालपेटीच्या फटीएवढं, आणि तुमचं जहाज टाइप-नाइन, म्हणजे सातशेच्यावर टन माल पोटात घेऊन डुलणारी म्हैस. फटीतून घुसताना खाली-वर वीतभर अंतर राहतं. नेमक्या त्या वेळी स्वयंपाकघरातून आवाज येतो.

“जेवायला येतोस का?”

“आई, दोन मिनिटं. स्टेशनवर उतरतोय.”

“कोण उतरतंय? कुणाला आणायला जायचंय?”

खेळ ऑनलाइन असल्यामुळे मध्येच थांबवता येत नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाही समजावून सांगता आलेली नाही. बायकोचं म्हणणं, जे थांबवता येत नाही त्याला खेळ कशाला म्हणायचं, ते काम झालं. ती बँकेत आहे, तिच्याशी मी वाद घालत नाही.

आता हटन ऑर्बिटलबद्दल. आपल्या सूर्याच्या शेजारीच अल्फा सेंटॉरी आहे. तिथे उडी मारली की मुख्य ताऱ्यापाशी बाहेर पडतो. हटन नावाचं स्टेशन मात्र त्या ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं लांब. एवढं अंतर सरळ रेषेत चालवत जायचं. साध्या इंजिनानं, प्रकाशाच्या हजार पटीहून जास्त वेगानं निघालात, तरी सव्वा-दीड तास. समोर काही म्हणजे काही हलत नाही. जुने खेळाडू नव्यांना सांगतात, हटनला जा, तिथे अॅनाकोंडा जहाज फुकट मिळतं. पोरं दीड तास घालवून जातात. जहाज-बिहाज काही मिळत नाही, फार तर चहाचा मग विकत मिळतो. मौज अशी, की अॅनाकोंडा हे मोठ्या आकाराचं जहाज आणि हटनला मोठ्या जहाजाला उतरायची जागाच नाही. मग ते फुकट मिळणार तरी कुठे उभं करून? पण फुकट म्हटल्यावर जागेची चौकशी कोण करतो! आमच्या सेलला दोनावर एक टॉवेल फुकट लावला, की टक्कल पडलेली माणसंसुद्धा हेअर टॉवेल नेतात.

मी हटनला जातो ते पाण्यासाठी. म्हणजे असं, की सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं आणि वेळ म्हणाल तर त्याच्या मर्जीची, बऱ्याचदा रात्रीची. तोवर जागं राहायचं, आलं की आधी पिण्याचं, मग टाकी, मग पिंप, मग बादल्या, मग घरात जे जे पोकळ आहे ते सगळं. या कामाला लागतो सुमारे सव्वा-दीड तास. ज्या कुणी हटन तिथे ठेवलं, त्याच्या घरीही चार दिवसांआड पाणी येत असलं पाहिजे. नळ सूं-सूं करायला लागला, की मी पायथन हे मधल्या आकाराचं जहाज सरळ रेषेत सोडतो आणि पायजमा वर खोचून मोरीकडे जातो. जगात दुसरा कुठला खेळ सोलापूरच्या पाण्याशी इतका जुळवून घेतो, सांगा.

एकदा पाण्याला जोरच नव्हता. टाकी अर्धीही होईना. इकडे खेळात स्टेशन गाठायला शेवटची सहा-सात सेकंदं उरली, की वेग कमी करावा लागतो, नाहीतर जहाज स्टेशन ओलांडून पुढे निघून जातं. आपोआप वेग कमी करणारं यंत्र मिळतं, पण ते बसवलं की तेवढ्या जागेतला दोन टन माल कमी होतो, म्हणून मी ते घेतलेलं नाही. मी पिंपावर वाकलेलो असताना मुलगी ओरडली, “बाबा, तुमचं गाव मागे गेलं!” हातातल्या बादलीसह धावलो. हटन मागे पडून मोहोळ-कुर्डुवाडी एवढं अंतर झालेलं, म्हणजे काही लाख किलोमीटर. वळून परत यायला वेळ लागला आणि फरशी पुसायला त्याहून जास्त.

खेळाडूंत आणखी एक पंथ आहे, ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या अंतराळातल्या खेळाचा. तो २००३चा. तिथे बाजार इतका खरा, की लोक खेळ बाजूला ठेवून एक्सेल उघडून बसतात. शेवटी बनवणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टशी जुळवून घेऊन एक्सेलला जोडायची सोयच करून दिली. टॅलीला जोडायची सोय आली, की मी संपलो.

पण या सगळ्यात एक क्षण असतो. जहाज पॅडवर टेकतं. मी बाजाराचं पान उघडतो, माल निवडतो, ‘विका’ दाबतो. आकडा वाढतो. लगेच. चहा मागवावा लागत नाही, मुलाबाळांची चौकशी करावी लागत नाही, ‘मालक बाहेर गेलेत’ असं गल्ल्यावरचा मालक स्वतः सांगत नाही. कटमिती म्हणून बिलातून सूट कापत नाहीत, दोन चादरींना डाग आहे म्हणून अख्खी गाठ अडवून ठेवत नाहीत. विजापूरकडची एक पार्टी आहे, तिच्याकडची बाकी माझ्या लग्नाच्या आधीची आहे. त्या दिवशी वसुलीला जाऊन हात हलवत आलो आणि रात्री फक्त ते बटण दाबायला कॉम्प्युटर लावला. मित्र विचारतो, यात मजा काय बे. त्याला पगार असतो, त्याला नाही कळायचं.

अलीकडे अण्णा जेवणानंतर मागे खुर्ची टाकून बसतात. ताऱ्यांकडे त्यांचं लक्ष नसतं. परवा मी माल उतरवून निघालो, तशी पाठीमागून हाक आली.

“रिकामा निघालास?”

“इथे घेण्यासारखं काही नाही अण्णा.”

“परतीचा माल घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डिझेल कुणाच्या बापाचं?”

जहाज ताऱ्याच्या जवळून जाऊन फुकटात इंधन भरून घेतं, हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. धंद्यात असं काही असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसला नसावा. मग म्हणाले, “बाहेर थंडी किती असते रे तिथं?”

“उणे २७० अंश.”

“आणि तू हे तागे काय विकत बसलास? चादरी ने की!”

मी म्हटलं, यादीत चादर नाही, नुसतं कापड आहे. त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नको. राहू दे. पानिपतवाल्यांची ब्लँकेटं आधीच पोचली असतील तिथं.”