मालक, लाईनीत हाव का?

आज सकाळी सोलापुरात एका बँकेत माझी गणना खांबात झाली.

पासबुक भरायच्या मशीनपुढे रांग होती. मी पुढच्या माणसामागे हातभर अंतर सोडून उभा राहिलो. मुलाकडे जपानला जाऊन आल्यापासूनची ही खोड. तिथं डब्याचं दार कुठं येणार याच्या खुणा फलाटावर आखलेल्या असतात आणि माणसं मुकाट त्या खुणांवर थांबतात. आमच्याकडे हातभर अंतर म्हणजे आमंत्रण. बघता बघता त्यात एक पोरगा शिरला, मग एक बाई, मग त्या बाईची जाऊ.

त्यानंतर आले ते धोतरवाले काका. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मालक, लाईनीत हाव का उगं हुबारलाव?"

"लाईनीतच आहे."

"मग चिकटून हुबारा की! एवढ्या जागंत रिक्षा वळंल."

एवढं सांगून ते स्वतःच त्या जागेत उभे राहिले. मी चिडून जपानचं नाव काढलं. काढायला नको होतं, कारण काकांना वेळ होता.

"काय असतंय तिथं?"

म्हटलं, 2017 साली तिथं त्सुकुबा एक्सप्रेस नावाची गाडी 20 सेकंद लवकर सुटली, तर कंपनीनं जाहीर माफी मागितली.

"कोण मेलं का?"

"नाही."

"कुणाची गाडी चुकली?"

"तशी तक्रारसुद्धा नव्हती."

काकांनी विचार केला. "रिकामी माणसं दिसत्यात."

मी उशिराच्या दाखल्याबद्दल सांगितलं. गाडीला उशीर झाला की रेल्वेवाले तसा कागद देतात, तो ऑफिसात दाखवायचा. काका म्हणाले, "आपल्याकडं असले कागद वाटायचे म्हणलं तर झाडं ऱ्हातील का?" जावा हसल्या. आता मीही हट्टाला पेटलो. 1995 साली तोक्योच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हा सुरक्षेसाठी कचऱ्याचे डबे हलवले. आजही रस्त्यावर डबा शोधावा लागतो, तरी रस्ते स्वच्छ, कारण लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात.

"घरी?" काका हादरले. "घरातला भायेर टाकायचा सोडून भायेरचा घरात?"

हा टोमणा मला जरा लागला. परवाच बायकोनं माझ्या धुवायच्या शर्टाच्या खिशातून शेंगांची टरफलं, चहाचा कागदी कप आणि एक केळ्याची साल काढली. नवी पेठेत फिरताना टाकायला जागा सापडली नव्हती. तिनं विचारलं, "तिथं डॉक्टरला दाखवलं होतं का?"

प्रवासानं नजर विशाल होते म्हणतात. माझी चिडचिड तेवढी विशाल झाली. आधी ज्या चौकातून डोळे मिटून जात होतो, तिथली प्रत्येक पिचकारी आता दिसते. आणि कुणाला सांगायची सोय नाही, लगेच "मग तिकडंच ऱ्हायचं की!" काही-काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी जे शहर गजर लावून पहाटे उठतं, त्याला वेळ पाळता येत नाही असं कुणी म्हणू नये. येते. फक्त मशीनपुढं पोचलं की काय होतं कोण जाणे.

एवढ्यात काकांचा नंबर लागला. धोतराच्या सोग्यातून त्यांचं, भावाचं, सुनेचं अशी पासबुकं निघाली. सगळी भरून झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "तुमचं द्या हिकडं. तुम्ही असंच हुबारलाव तर संध्याकाळ हुईल." नको म्हणेपर्यंत पासबुक त्यांनी ओढलंही आणि मशीनमध्ये घातलंही.

मागून एक म्हातारी गरजली, "शिकलीसवरली माणसं, अन् मधी घुसत्यात!"

सगळ्या रांगेनं माझ्याकडे पाहिलं. पोरगा घुसला तेव्हा यातली एकही मान वळली नव्हती. काका खाली बघून चप्पल घालत होते.

मशीन निम्म्यावर थांबलं. पासबुकाची पानं संपली होती. नवीन पासबुक तीन नंबरच्या खिडकीत मिळेल, असं शिपायानं सांगितलं. तिथं रांगच नव्हती, नुसती गर्दी होती.