खिरापतीचा डबा कसा वाजतो, ते ऐकू तरी द्या!

काल पाचवी माळ होती. आणि काल माझ्या सासूबाई भोंडल्याचा फेर मध्येच मोडून, पाट काखेत मारून घरी निघून आल्या. ७४ वर्षांची बाई. घरात आल्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. देवघरातल्या दिव्यात तेल घातलं, घटावर पाणी शिंपडलं आणि पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. रात्रभर माझ्या डोक्यात जाळ आहे. आज लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमची सोसायटी नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला आहे. ६४ फ्लॅट. नवरात्राची वर्गणी दर घरटी अकराशे रुपये, सगळ्यांनी मुकाट्याने दिली. संध्याकाळी ६ ते ७ भोंडला, मग आरती, मग दांडिया, असं ठरलं होतं. मी स्वतः ग्रुपवर चार दिवस आधी लिहिलं होतं आणि कमिटीने ‘ओके काकू’ असं उत्तरही दिलं होतं. पहिल्या माळेला पाऊस, म्हणून भोंडला नाही. तिसऱ्या माळेला पार्किंगमध्ये मांडव घालायचं काम चाललंय, म्हणून नाही. काल एकदाचा मुहूर्त लागला.

आई दुपारी तीनपासून तयारीला लागल्या होत्या. त्यांचं माहेर निफाडकडचं. पाट धुऊन पुसून त्यावर तांदूळ आणि मसूर डाळीचा हत्ती काढला. सोंड वर केलेला, पाठीवर झूल, डोळ्याच्या जागी एक मिरी. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हत्ती मांडायचा, हे त्यांना लहानपणापासून माहीत. सप्टेंबरच्या शेवटी ढग असे गडगडायला लागले की त्या अजूनही ‘हत्ती आला’ म्हणतात. चौथ्या मजल्यावरच्या जळगावच्या मावशी भुलाबाईची गाणी म्हणणार होत्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्यांच्याकडे भुलाबाई बसते. पंधरा-सोळा बायका आणि दहा-बारा मुली जमल्या. इतक्या मुली येतील असं मलाही वाटलं नव्हतं.

फेर धरला. दुसरं गाणं सुरू झालं आणि सहा वाजून दहा मिनिटांनी टेम्पो आत आला. बायकांच्या फेराला चिकटून रिव्हर्स घेतला. स्पीकरची थप्पी उतरवली आणि ‘हॅलो हॅलो, चेक, चेक’ सुरू. मी जाऊन सांगितलं, सात वाजेपर्यंत थांबा. तो डीजेवाला पोरगा बिचारा थांबायला तयार होता! कमिटीतल्या गृहस्थांनीच हात वर करून सांगितलं, चालू दे रे. आणि मला म्हणाले, ‘काकू, तुमचं ते झालं की नाही अजून? पब्लिक यायला लागलं.’

‘तुमचं ते’! नावसुद्धा घ्यावंसं वाटलं नाही यांना. यांच्या आया-मावश्या काय खेळत होत्या अंगणात? ‘तुमचं ते’ म्हणे!

मग म्हटलं निदान खिरापत तरी ओळखू द्या मुलींना. ज्यांनी भोंडला केलाय त्यांना माहीत आहे, सगळ्या पोरींचा जीव त्या डब्यात अडकलेला असतो. झाकण लावलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. चिवडा सळसळतो. लाडू गडगडतात. वाटली डाळ गप्प बसते, नुसता ‘धप’ होतो. आई तर बेरकी, शंकरपाळी फडक्यात गुंडाळून ठेवतात म्हणजे वाजायला नको. हा सगळा कानाचा खेळ आहे. माझी सहा वर्षांची लेक डब्याला कान लावून बसली, दुसऱ्या कानात बोट, डोळे घट्ट मिटलेले. आईंनी डबा हलवला. आणि नेमका तेव्हाच बेस सोडला त्या लोकांनी. पोटात गुद्दा बसावा तसा. लेकीने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘आजी, तू नको हलवूस, डबा आपला आपणच थरथरतोय.’

आईंनी डबा तसाच तिच्या हातात दिला. खाली बसल्या, पाटावरचे तांदूळ-डाळ पदरात गोळा केले, कारण पायाखाली धान्य येऊ द्यायचं नाही ही त्यांची शिस्त. फरशीवर सांडलेले दाणेसुद्धा एक एक करून वेचले. शेजारून बूट घातलेली पोरं वायरी ओढत चालली होती. एकालाही थांबावंसं वाटलं नाही. तो मिरीचा डोळा काही सापडला नाही, आई तिथे गुडघ्यांवर बसून शोधत होत्या. हे बघून मला जे झालं ते मी इथे लिहू शकत नाही.

आता काही जण म्हणतील, तुम्हाला गोंगाटच सहन होत नाही. खोटं आहे! मी नाशिकची आहे. नाशिक ढोल ऐकत वाढले. दरवर्षी कालिकामातेच्या यात्रेत पिपाण्या, पाळणे, गर्दी सगळ्यातून मुलीला खांद्यावर घेऊन जाते. पण ढोल वाजवणाऱ्याचे हात दमतात, तो थांबतो, पाणी पितो, त्याच्यासमोर माणसं नाचतात आणि मग वरात पुढे जाते. हे यंत्र दमत नाही आणि पुढेही जात नाही. माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली साडेचार तास उभं असतं. मांडणीतली भांडी किणकिणतात. पहिल्या मजल्यावर तीन महिन्यांचं बाळ आहे, त्याची आई नवरात्र संपेपर्यंत माहेरी सिन्नरला निघून गेली. सणाला घर सोडून जावं लागतं बाईला!

आणि गरब्याला माझा विरोध मुळीच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बेन कालच्या फेरात आमच्याबरोबर होत्या. त्याच सांगत होत्या, गरबो म्हणजे भोकं पाडलेलं मातीचं मडकं, आत दिवा. तो मध्ये ठेवायचा आणि बायकांनी त्याच्याभोवती टाळ्या देत स्वतः गायचं. म्हणजे तेच की! त्यांचा दिवा मध्ये, आमचा हत्ती मध्ये, भोवती फेर आणि तोंडाने गाणं. गुजरातच्या गरब्याला २०२३ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून यादीत घेतलं, ते या असल्या स्पीकरच्या भिंतींसाठी नाही घेतलं. बेनना गायचं होतं काल. त्यांनाही कुणी विचारलं नाही. या डीजेवर दांडिया कमी आणि सिनेमातली लग्नातली गाणीच जास्त वाजतात. देवीचं नाव फक्त बॅनरवर.

कायदा सांगितला की तोंडं वाकडी होतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० नंतर स्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ती वेळेची सूट आहे, भिंती हादरवायची नव्हे. हे मी कमिटीला सांगितलं तर उत्तर काय, ‘वर्षातून एकदाच असतं, ॲडजस्ट करा.’ अहो, भोंडला पण वर्षातून एकदाच असतो! आम्ही रात्रभर मागत नाही, एक तास मागतोय. तोही बिनविजेचा, बिनखर्चाचा. एक पाट आणि एक डबा.

आईंना पंचवीसेक गाणी पाठ आहेत. माहेरी धाडा म्हणणारी, सासू-सुनेची, कारल्याच्या वेलाची. एकही वहीत नाही, सगळी आजीकडून आणि आत्यांकडून कानावर पडून आलेली. माझ्या लेकीला त्यातली तीन येतात. चौथं काल शिकायचं होतं.

हे मी कमिटीसाठीच लिहितेय. उद्या सातवी माळ. संध्याकाळी ६ ते ७ पार्किंगमध्ये भोंडला होणार. आईंना मी तयार करणार, आत्ता नाही म्हणत असल्या तरी. जळगावच्या मावशी येणार आहेत, बेन येणार आहेत आणि सिन्नरहून ती बाळंतीणही बाळाला घेऊन एक तासासाठी येते म्हणाली आहे. सातच्या आधी टेम्पो गेटच्या आत आला तर त्याच्यासमोर मी पाट मांडून बसणार. वॉचमनदादांना सांगून ठेवलंय. अकराशे रुपयांची पावती माझ्याकडे आहे, तीही बरोबर आणणार आहे.