पन्हं घ्या, टू बीएचके घ्या

डोंबिवलीत उन्हाळा लागला हे मला घामावरून कळत नाही, फोनवरून कळतं. होळी होते न होते तोच अनोळखी नंबर वाजायला लागतात. "मॅडम, आपण टू बीएचकेसाठी एन्क्वायरी केली होती ना?" मी केलेली नसते. सासूबाईंनी केलेली असते आणि नंबर माझा दिलेला असतो. स्वतःचा का नाही दिला, असं विचारलं तर म्हणतात, "माझ्या फोनवर भजनी मंडळाचे निरोप येतात. तो मोकळा हवा."

आधीच सांगून टाकते, आम्हाला घर घ्यायचं नाही. आमचं घर आहे. पूर्वेला, स्टेशनपासून चालत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. आत्ता पहिलीत असलेला माझा मुलगा दहावीला पोचेल तेव्हा कुठे त्याचे हप्ते फिटतील. सासूबाईंना हे सगळं ठाऊक आहे. तरी एप्रिल-मेमधला रविवार उजाडला की ठेवणीतली कॉटनची साडी नेसून, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या, चष्मा आणि शिवणाची टेप टाकून त्या दारात उभ्या. "चल गं, साईट बघून येऊ."

त्यांचंही खरं आहे. उन्हाळ्यात करमणुकीचं जे काही निघतं, ते हल्ली साईटवरच निघतं. पाडव्याची शोभायात्रा तेवढी अजून रस्त्यावर असते. १९९९ साली ती डोंबिवलीत सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली, हे आम्ही डोंबिवलीकर कुणाशीही ओळख झाल्याबरोबर सांगून टाकतो. पण तिथेही लेझीम बघायला मान वर केली की लेझमीच्या वर फलक दिसतो: 'शुभमुहूर्तावर बुकिंग सुरू'. बाकी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, मुलांची चित्रकला स्पर्धा, आंबा महोत्सव, मिसळ महोत्सव, सुगम संगीताची संध्याकाळ, सगळ्याच्या पाठीमागे कुणाची ना कुणाची एक इमारत उभी असते. किंवा उभी राहणार असते.

बिल्डर मंडळींचंही बरोबरच आहे म्हणा. साडेतीन मुहूर्तांपैकी पाडवा आणि अक्षय्य तृतीया हे दोन उन्हाळ्यातच पडतात. शाळेला सुट्टी असते, नोकरदारांना पगारवाढीची पत्रं मिळालेली असतात. आणि मुख्य म्हणजे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की साईटवर घोट्यापर्यंत चिखल होतो. मग ब्रोशरमधलं गार्डन आणि समोरचं डबकं यांची तुलना गिऱ्हाईक आपसूकच करतं. तेव्हा काय विकायचं ते मेअखेरपर्यंत.

या वर्षीच्या हळदीकुंकवाचंच सांगते. कल्याण-शिळ रस्त्याच्या पलीकडे एक सेल्स ऑफिस. आत इतकं गार की बायका पदर घट्ट लपेटून बसलेल्या. समोर गौर झोपाळ्यात बसवलेली, कलिंगडाचं कमळ, करंज्या, लाडू, सगळं यथासांग. फक्त गौरीच्या शेजारी, त्याच आराशीत, चोवीस मजल्यांच्या टॉवरचं मॉडेल. त्याला बारीक दिवे, खाली इवल्याशा मोटारी, स्विमिंग पूलच्या काठी प्लॅस्टिकची माणसं. टॉवर गौरीपेक्षा वीतभर उंच होता. नमस्कार करताना नेमका कुणाला होतोय ते कळेना.

दारात नऊवारी नेसलेली एक गोड मुलगी होती. एका हातात करंडा, दुसऱ्या हातात टॅबलेट. तिने सासूबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच हसऱ्या चेहऱ्याने विचारलं, "आई, बजेट काय धरू?"

सासूबाई म्हणाल्या, "एक पर्यंत धर." एक कोटी! आमच्या घरी भाजीत टोमॅटो किती घालायचे यावर चर्चा होते.

ओटीत भिजवलेले हरभरे, एक काकडी आणि घराच्या आकाराचं पितळी किचेन. किल्लीचं मागाहून बघू, कडी आत्ताच घेऊन जा. पन्हं मात्र चांगलं होतं. डाळ मला आवडली, सासूबाईंना नाही. कैरी कमी पडली, मोहरीही करपली होती, हे त्यांनी ऑफिसातल्या सर्वांत मोठ्या साहेबांना गाठून सांगितलं. ते 'क्लोजिंग मॅनेजर' होते. त्यांनी बिचाऱ्यांनी ते सूचनांच्या कागदावर उतरवून घेतलं.

त्यानंतर सॅम्पल फ्लॅट. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सॅम्पल फ्लॅटच्या खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. एका भिंतीला आख्खा आरसा असतो, त्यामुळे हॉलमध्ये तुम्ही दोन वेळा मावता. धुण्याचं मशीन, गहू ठेवायचा डबा, इस्त्रीचे कपडे, गादीखालची पावसाळी ताडपत्री असलं काही तिथे नसतं. ओट्यावर एक लिंबांची परडी, टेबलावर चार वाइनचे ग्लास, बस्स. सासूबाईंनी टेप काढून ओट्याची लांबी घेतली. मग सरळ जाऊन मास्टर बेडरूममधल्या पलंगावर आडव्या झाल्या.

"आजी, तो डिस्प्लेसाठी आहे," बरोबरचा पोरगा कळवळला.

"अरे, माझी उंची पाच फूट. तरी पावलं बाहेर येतायत बघ. आमच्या ह्यांचे तर गुडघ्यापासून लोंबतील." पलंग मुद्दाम आखूड केलेला होता. खोली मोठी दिसावी म्हणून करतात तसं. आमच्या मागून आलेल्या बायका मग एकेक करून झोपून बघायला लागल्या. पोरगा घामाघूम. त्या तसल्या एसीत.

या सगळ्या फेऱ्यांतून सासूबाईंचं शिक्षण फार झालंय. पूर्वी त्यांना कार्पेट म्हणजे सतरंजी वाटायची. आता कुणी 'सातशे स्क्वेअर फूट' म्हटलं की लगेच, "रेरा कार्पेट सांग, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा. बाकीचं तुझ्यापाशी ठेव." बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं, हे त्यांनी मला दळण आणायला जाताना समजावलं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हल्ली काही पेट्यांवरही कोड असतो. त्या दोन्ही स्कॅन करतात. म्हणजे फोन मी धरते. देवगडच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा आणि ठाण्याच्या नावाखाली खोणी गाव, दोन्ही त्या वासावरून ओळखतात. त्यांना फसवायचं तर मुळात त्यांनी काही विकत घ्यायला हवं.

मेच्या मध्यावर बदलापूरचा आंबा महोत्सव निघाला. स्टेशनवरून फुकट बस, आंबे खाण्याची स्पर्धा, सोलकढी, मुलांना जादूचे प्रयोग. मुलगा जादूसाठी, नवरा आंब्यासाठी आणि मी फोन धरण्यासाठी. बसमध्येच ब्रोशर मिळालं. 'नदीकाठचं निवांत जीवन. ठाण्यापासून फक्त वीस मिनिटं.' बदलापूर म्हणजे सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. आमच्या मागे बसलेला एक तरुण रोज तिथून अप-डाउन करणारा निघाला. तो हसून म्हणाला, "वीस मिनिटं तर सकाळच्या गाडीत आत सरकायलाच लागतात, काकू."

साईट खरंच सुंदर. समोर उल्हास नदी, पलीकडे डोंगर, मध्ये जांभळाची झाडं. मांडवात आंब्यांचा घमघमाट. स्पर्धेत नवऱ्याचा दुसरा नंबर आला आणि बक्षीस म्हणून त्याला 'फ्लोअर राइज माफ' असं कूपन मिळालं. म्हणजे वरच्या मजल्याला जो जादा दर लागतो तो लागणार नाही. आंब्याचे डाग पडलेल्या शर्टाने तो ते कूपन मला दाखवत होता. किती वाचले याचा हिशोबही त्याने केला होता. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात सासूबाई दिसेनाशा झाल्या. शोधते तर काय, बुकिंगच्या टेबलाशी बसलेल्या. शेजारी एक नवं जोडपं, चेकबुक उघडलेलं. मुलगी जेमतेम पंचविशीची. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला होता.

"हे बघ बाळ, करार रजिस्टर झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. कायदाच आहे तसा. इमारत बांधून होतेय म्हणजे जीएसटी पण धर. ओसी, म्हणजे राहायला जायचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट घेतलास तर तो लागत नाही. आणि घर एकटीच्या नावावर कर. स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे बायकांना, २०२१ पासून. ह्याचं नाव घातलंस की सूट गेली." नवरा मुलगा खुर्चीत हलला. "तू रागावू नकोस रे. टक्क्याचं बोलतेय मी."

मग त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "ही नदी आत्ता बारीक दिसतेय. २०१९ च्या जुलैत इथून पुढे वांगणीकडे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. हजारावर माणसं बाहेर काढली, बोटी आणल्या होत्या. तेव्हा पूररेषेचा नकाशा मागून घे. आणि कुठला मजला म्हणालीस? पहिला?"

मुलीने चेकबुक हळूच पर्समध्ये ठेवलं. पलीकडच्या टेबलावरची दोन जोडपी खुर्च्या ओढून जवळ आली. एक गृहस्थ वही काढून लिहून घेऊ लागले. कुणीतरी विचारलं, "मावशी, पार्किंगचं काय?" सासूबाईंनी चष्मा पुसला आणि पार्किंगकडे वळल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लांबून मॅनेजर येताना दिसला. आता अपमान करून बाहेर काढणार, असं वाटून मी मुलाला हाताशी धरलं, बाटली उचलली. मॅनेजरने मात्र हात जोडले. आम्हाला अगदी अदबीने मांडवाच्या मागच्या बाजूला नेलं, जिथे पेट्या रचून ठेवल्या होत्या. एक पेटी स्वतः उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"आजी, पुढच्या रविवारी मोकळ्या आहात?"

"आहे की. का रे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या समोरच्या साईटवर पण महोत्सव आहे. घरापासून गाडी मी पाठवतो. तुम्ही फक्त तिथे, असंच, बुकिंगच्या टेबलाजवळ बसा."

सासूबाईंनी जरा विचार केला.

"त्यांच्याकडे हापूस आहे की पायरी?"