दोन खाती, एकच नंबर

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापराबद्दल शासन निर्णय काढला आणि त्यावरचा वाद अजून अधूनमधून उफाळून येतो. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारी धोरणांवर टीका नको, सरकारी गाडी आणि इमारत दाखवणारी रील्स नकोत, असं त्यात आहे. एक बाजू म्हणते ही गळचेपी आहे. दुसरी म्हणते, रीलबहाद्दर साहेबांना चाप बसला ते बरंच झालं. तावातावाने लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो कागद शेवटपर्यंत वाचलाय, देव जाणे. कारण कार्यालयातल्या अंतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम वापरता येईल, असंही त्यातच म्हटलंय. म्हणजे खाती दोन ठेवायची. पण समन्वय ज्या नंबरावर चालतो तो नंबर कोणाचा, यावर कोणी अवाक्षर काढत नाही.

तो नंबर कर्मचाऱ्याचा असतो. रिचार्ज त्याचं, फोन त्याचा. एकदा तो ऑफिसच्या ग्रुपात गेला की काय होतं ते बघा. सहकारी तुमचा नंबर सेव्ह करतात, तुम्ही त्यांचा. व्हॉट्सॲपचं स्टेटस दोघांनीही एकमेकांचा नंबर सेव्ह केला असेल तरच दिसतं, त्यामुळे त्या घटकेपासून तुमचं स्टेटस साहेबांच्या फोनवर उमटायला लागतं. आजारपणाच्या रजेवर असताना भाचीच्या लग्नातला फोटो टाकणारे याच खड्ड्यात पडतात. त्यांनी काहीही जाहीर केलेलं नसतं, प्रेक्षक कधी बदलले तेच त्यांना कळलेलं नसतं. फेसबुकवर मित्रयादी निदान डोळ्यांसमोर तरी असते. इथे ॲड्रेसबुक हीच मित्रयादी होऊन बसते आणि त्यात गॅसवाल्यापासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत सगळे असतात.

उपाय अवघड नाही. स्टेटस प्रायव्हसीत 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून ऑफिसची माणसं वगळत बसू नका. रोज नवा नंबर सेव्ह होतो आणि यादी गळकी राहते. उलट 'ओन्ली शेअर विथ' निवडून मोजकी घरची माणसं घाला, म्हणजे नवा आलेला आपोआप बाहेर राहतो. 'लास्ट सीन' आणि प्रोफाइल फोटोलाही मर्यादा घालता येते. ग्रुपमध्ये कोण ओढू शकतं ते सेटिंग 'एव्हरीवन'वरून खाली आणा. आणि खरा तोडगा हवा असेल तर दुसरं सिम घ्या. २०२३ पासून अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सॲपमध्ये दोन खाती चालतात. नाहीतर व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप दुसऱ्या नंबरावर टाकता येतं. पण त्या सिमचे पैसे कोणी द्यायचे? मला वाटतं, खात्याने. 'गळचेपी' म्हणून ओरडणाऱ्या संघटनांनी ही मागणी केल्याचं निदान माझ्या वाचनात आलेलं नाही.

मी राहतो त्या जर्मनीत हा प्रश्न बेट्रिब्सराटच्या, म्हणजे कंपनीतल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाच्या टेबलावर जातो. कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर नजर ठेवता येईल अशी कोणतीही तांत्रिक सोय आणायची तर त्या मंडळाची संमती लागते. २०१६ मध्ये तर कंपनीच्या फेसबुक पानावर ग्राहकांना कर्मचाऱ्यांबद्दल शेरे लिहिता येत असतील तर तेवढ्यापुरतीही ती लागते, असं इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने ठरवलं. २०१८ मध्ये कॉन्टिनेंटलने कंपनीच्या फोनांवर व्हॉट्सॲप वापरायला बंदी घातली, कारण ॲप अख्खं ॲड्रेसबुक वाचतं आणि त्यातल्या प्रत्येकाची परवानगी कंपनीकडे नसते. फायरआबेंडनंतर, म्हणजे दिवसाचं काम संपल्यावर, साहेबाचा मेसेज आला तर दुसऱ्या दिवशी साहेबच ओशाळतो. आपल्याकडे रात्री साडेदहाला 'उद्या सकाळी दहापर्यंत जिओटॅग फोटो टाका' असा हुकूम येतो आणि खाली चाळीस 'ठीक आहे सर' आणि जोडलेले हात. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एकापेक्षा जास्त वेळा मांडलं; त्यावर विनोदच जास्त झाले.

त्या शासन निर्णयातलं एक कलम मात्र मला मनापासून आवडलं: बदली झाली की कार्यालयीन खातं रीतसर हस्तांतरित करा. लिहायला सोपं, करायला किचकट. फेसबुकचं पान कुणातरी माणसाच्या वैयक्तिक प्रोफाइलवरूनच चालवलं जातं. ज्या साहेबांनी उत्साहाने ते उघडलं ते एकटेच ॲडमिन असले आणि बदलून गेले की पान बेवारस, नाहीतर नव्या जिल्ह्यात बसून ते जुन्या तालुक्याचं पान सांभाळणार. म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण अधिकार असलेली किमान दोन माणसं हवीत. खातं ज्या ईमेलवर आहे तो पदाच्या नावाचा हवा, व्यक्तीच्या नव्हे. हस्तांतर करताना पासवर्डइतकाच रिकव्हरी नंबर महत्त्वाचा; तो बदलला नाही तर 'फरगॉट पासवर्ड'चा ओटीपी जुन्या साहेबांच्या खिशात वाजतो. शेवटी 'लॉग आउट ऑफ ऑल डिव्हाइसेस' दाबायचं आणि नव्या माणसाने स्वतःच्या फोनवर टू-स्टेप सुरू करायचं. खासगी नोकरीतही हेच. लिंक्डइनवर हुद्दा बदलण्याआधी 'शेअर प्रोफाइल अपडेट्स' बंद केलं नाही तर राजीनामा देण्याआधीच अभिनंदनं येतात. 'ओपन टू वर्क' ही नोकरी शोधत असल्याची खूण फक्त रिक्रूटर्सना दाखवण्याची सोय आहे, पण आपल्याच कंपनीपासून ते शंभर टक्के लपेल याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही.

मुलांच्या फोटोंबाबत मात्र मला आपल्या लोकांचा खरंच राग येतो. इथे किटात, म्हणजे बालवाडीत, प्रवेशाच्या कागदांतच फोटोच्या संमतीचा फॉर्म असतो: भिंतीवर लावायला चालेल का, वेबसाइटवर चालेल का, छापायला चालेल का, प्रत्येकाचा चौकोन वेगळा. माणसाच्या स्वतःच्या छबीवरचा हक्क इथे १९०७ च्या कायद्यापासून आहे. आपल्याकडे वर्गाच्या ग्रुपवर मुलीचा फोटो, पूर्ण नाव, शाळा आणि टक्के एकाच पोस्टमध्ये, आणि वर 'अभिमान' हा शब्द. एक तांत्रिक बारकावाही सांगतो: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते; तोच फोटो चांगल्या दर्जासाठी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती तशीच राहते.

आता कोणी म्हणेल, तुमच्या जर्मनीचं फार कौतुक नको. बरोबर आहे. २०२१ मध्ये हँबर्गच्या गृहखात्याच्या सिनेटरला, म्हणजे तिथल्या गृहमंत्र्याला, ट्विटरवर अपशब्द वापरला म्हणून पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन दारात उभे राहिले. पुढे कोर्टाने ती झडती बेकायदा ठरवली. पालघरमध्ये २०१२ साली फेसबुक पोस्ट आणि लाइकवरून दोन तरुणींना अटक झाली त्याची आठवण येतेच. त्या प्रकरणानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये रद्द झालं. बोलण्याचं स्वातंत्र्य दोन्हीकडे जेमतेमच. ते कोणाला ऐकू जातंय, याची जाण इकडे जास्त आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणि ती जाण मला फुकट मिळाली, हेही खरं. माझ्या साहेबाला मराठी येत नाही. शेजाऱ्यांना येत नाही. मी इथे काहीही लिहिलं तरी माझी बदली गडचिरोलीला होत नाही. तलाठ्याला किंवा झेडपीच्या शिक्षिकेला 'ग्रुप सोडा, स्टेटस बंद करा' असं सांगणं मला परवडतं, कारण ग्रुप सोडल्याची किंमत ते मोजतात. ग्रुपात नसलेल्या माणसाला मीटिंगची वेळ कळत नाही, आणि मीटिंगला न आलेल्याला नोटीस येते.

तो शासन निर्णय मला लागू नाही. तरी कोणी ग्रुपवर त्याची लिंक टाकली की मी पहिला उत्तर देतो, जर्मन कायद्याचे दाखले देतो, आणि कुणीतरी 'तुम्हाला तिथे बसून काय कळणार' असं लिहिलं की चिडतो. वाद घालेपर्यंत तरी मी तिथलाच धरला जातो. घरच्या ग्रुपांचं नोटिफिकेशन बंद करायचा सल्ला मी दहाजणांना देईन. माझं चालू आहे.