‘एक घर विकून कोणी तज्ज्ञ होत नाही’: या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बडोद्याच्या दांडियाबाजारातलं आमचं जुनं घर विकतानाचे अनुभव मी लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोप उडाली. आपलं म्हणणं असं: दोष आपणहून सांगणारा मालक स्वतःच भाव पाडून घेतो, इंजिनिअरवर खर्च करणं फुकट आहे, जंत्रीची, म्हणजे गुजरात सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांची, तारीख चुकली आहे, आणि ‘एक घर विकून कोणी तज्ज्ञ होत नाही, असले सल्ले देऊन लोकांना खड्ड्यात घालू नका.’

तारखेचं आधी. दुप्पट जंत्री जाहीर झाली फेब्रुवारी २०२३ मध्ये, लागू झाली १५ एप्रिल २०२३ पासून. मी ‘फेब्रुवारीपासून लागू’ लिहिलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

आता ते शेवटचं वाक्य. मी तज्ज्ञ आहे असं कुठे लिहिलंय, दाखवा. मत पटलं नाही तर तसं सांगावं. आजोबांनी बांधलेलं घर ज्याला विकावं लागलं, त्याच्याशी बोलायची ही रीत आहे का?

घर एकच, खरं आहे. पण ते दोनदा विकायला काढावं लागलं. पहिल्या खेपेला वडिलांनी नेमकं आपण म्हणता तेच केलं. मोरीच्या भिंतीची ओल रंगाखाली झाकली, वाळवी लागलेल्या तुळईवर फळी ठोकली. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं. मग कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर आला आणि त्याने ती फळी ठोकून पाहिली. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला आमचं सगळंच खोटं वाटू लागलं: सागाचे खांब, वेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावत्यासुद्धा. ५ लाख कमी करा म्हणाला. वडिलांनी संतापून बयाणा परत केला. पुढे वर्षभर घर पडून राहिलं, कारण दलालांमध्ये बोभाटा झाला होता.

दुसऱ्या खेपेला मी आधी इंजिनिअर आणला आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज घेतला: १ लाख ४० हजार. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव होतं. आत्याची सही घेऊन वारसाई करून घेतली. जुन्या दस्तात ओटा धरला होता, कार्डात नव्हता, तेही पहिल्याच भेटीत सांगितलं. गिऱ्हाइकाने ४ लाख सोडा म्हटल्यावर मी अंदाजाचा कागद पुढे ठेवला. दीड लाखावर मिटलं. तो कागद नसता तर मी कशाच्या जोरावर नाही म्हणणार होतो?

शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५५ वाचा. मालकाला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष सांगणं मालकावर बंधनकारक आहे. फळीखालची वाळवी दुसरं काय असते?

इंजिनिअरच्या फीबद्दल मला वाद घालायचा नाही. ज्याला नको त्याने देऊ नये.

वडील आता नाहीत. त्या मोडलेल्या सौद्याचा त्यांनी शेवटपर्यंत जिवाला त्रास करून घेतला, म्हणून ‘खड्ड्यात घालू नका’ हे फार लागलं. आपण स्वतः जुनं घर विकलं आहे की नाही, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही. विकलं असेल तर काय दाखवलं, काय झाकलं आणि भाव किती मिळाला, ते नावानिशी लिहा. एक शब्दही न कापता छापेन.