कायद्याने आधी आम्ही, रुळावर आधी मालगाडी

आज पहाटे घरी पोचलो. आईला घेऊन अ‍ॅमट्रॅकने, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी प्रवासी रेल्वेने, येत होतो, रात्री गाडी मधेच सायडिंगला, म्हणजे बाजूच्या थांबायच्या रुळावर, घातली. बाजूने मालगाडी. कंटेनरवर कंटेनर, संपता संपेना. कंडक्टर बिचारा सारखी माफी मागत होता. आई म्हणाली, "माणसांना थांबवून सामान पुढे सोडतात होय रे?" तेव्हा गप्प बसलो. आता लिहितोय.

अमेरिकेत बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांचे. प्रवासी वाहतूक त्यांच्या गळ्यातलं लोढणं झालं होतं, ते १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक काढून सरकारने सोडवलं. बदल्यात यांनी रूळ वापरू द्यायचे. अ‍ॅमट्रॅकने आपल्या गाडीमुळे वाढेल तेवढा खर्च द्यायचा, वेळेवर नेलं तर वर बक्षिसी. आणि प्रवासी गाडीला आधी वाट, हा १९७३ पासून कायदा आहे. कायदा! तरी काल सायडिंगला आम्हीच.

कारण कुठली गाडी आधी सोडायची हे ठरवणारा डिस्पॅचर रूळमालकाचा. शिवाय मालगाड्या इतक्या लांबवून ठेवल्यात की कित्येक सायडिंगमध्ये त्या मावतच नाहीत. मावतो आम्ही, म्हणून थांबायचं आम्ही.

बरं, मान्य, रूळ-खडीवर स्वतःचा पैसा ते ओततात आणि अ‍ॅमट्रॅक देते ते त्यांना कमी वाटतं. पण रूळ झिजवतं कोण? भरलेली एकेक वॅगन १३० टनांच्या घरात. वायोमिंगमध्ये बीएनएसएफ आणि युनियन पॅसिफिक या दोन मालवाहू कंपन्यांची सामाईक कोळसा लाइन आहे. उघड्या वॅगनमधून उडालेली भुकटी खडीत साचली, पाण्याचा निचरा होईना, आणि मे २००५ मध्ये लागोपाठ दोन गाड्या घसरल्या. लाइन दोघांची, तेव्हा दुरुस्तीही दोघांच्याच गळ्यात. तिथे नाही कोणी म्हणालं, तुझी गाडी नंतर.

जमवायचं म्हटलं की जमतं हो. नेवाडात १९२४ पासून दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापले एकेरी मार्ग जोडीने वापरले. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या एकीच्या रुळावरून, पश्चिमेकडच्या दुसरीच्या. समोरासमोर येण्याचा प्रश्नच मिटला.

त्या डिस्पॅचरवर माझा राग नाही. रात्रपाळीला बसलेला माणूस, त्याच्या स्क्रीनवर आमची गाडी म्हणजे एक रेघ. आईची इन्सुलिनची वेळ त्याला कुठून दिसणार? मी तिकीट काढलं होतं ते मात्र तीच वेळ बघून. तिने डबा उघडला, मिटला, परत उघडला. जेवण घरी पोचल्यावर करायचं ठरलं होतं ना.

राग आहे तो कायदा लिहून कपाटात ठेवणाऱ्यांवर. मालगाडी आधी सोडली म्हणून कोर्टात जायचा अधिकार अ‍ॅमट्रॅकला नाही, फक्त केंद्राच्या अ‍ॅटर्नी जनरलला. त्यांच्या खात्याने खटला भरला १९७९ मध्ये, त्यानंतर थेट २०२४ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं काय सगळ्या गाड्या वेळेवर होत्या?

अ‍ॅमट्रॅकला स्वतः कोर्टात जाऊ द्या, असं विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, येऊन गेलंय. यादीतले जे इथे मतदान करता, त्यांनी आपल्या सेनेटरच्या ऑफिसला फोन करून एवढंच विचारा, की त्याला तुमचा पाठिंबा आहे की नाही. मी सोमवारी करतोय.